न फुंकलेलं शिंग

समुद्र आजच्याहून थोडा पलीकडे होता आणि माणसं पाखरांची बोली पुरती विसरली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी. आणि कोणी दमून आडवं झालं असेल, तर त्याने पडल्या पडल्या ऐकली तरी चालेल.

एका राज्याला लांबच लांब किनारा होता. डोंगरांची टोकं समुद्रात पाय सोडून बसल्यासारखी पुढे आलेली, आणि दोन टोकांच्या मधे एकेक खाडी. प्रत्येक टोकाच्या पोटाशी एक गाव होतं आणि प्रत्येक टोकावर एक माच होता. शेतातली पाखरं हाकलायला बांधतात ना, तसाच. चार खांब, वर फळ्या, फळ्यांवर गवताचं छप्पर. पण हे माच पाखरं हाकलायला बांधले नव्हते. पाखरांची वाट बघायला बांधले होते.

चैत्र लागला की थंडीभर वाळूवर राहिलेले कुरव एका सकाळी उठून उत्तरेला निघायचे. त्यांच्यामागोमाग शेपूट हलवत चालणारा धोबी पक्षी दिसेनासा व्हायचा. मग आमराईतला कोकीळ ओरडून ओरडून स्वतःचा घसा बसवून घ्यायचा. आणि वैशाख सरता सरता, दक्षिणेकडून, नवरंग यायचा.

नवरंग केवढासा! मुठीत मावेल एवढा. रंगाऱ्याने काम संपल्यावर सगळे कुंचले एकाच पाखराला पुसावेत, तसा दिसायचा. पाठ हिरवी, खांद्यावर निळा ठिपका, पोटाखाली लाल, आणि डोळ्यांवरून काळी पट्टी. तो आला की पाऊस जवळ आला. तो आला की भाताची रोपं टाकायची. किनाऱ्यावरची माणसं त्याला देवाचा पाहुणा म्हणत.

एका जुन्या राजाने नियम घालून दिला होता. नवरंग दिसला की माचावरच्या टेहळ्याने शिंग फुंकायचं. ज्या टोकावरचं शिंग त्या वर्षी सगळ्यांत आधी वाजेल, त्या गावाला पहिला मान. मानाचं निशाण वर्षभर त्या टोकावर फडकायचं. आणि ज्याने ते शिंग फुंकलं त्याची पाळी संपायची. तो माचावरून खाली उतरायचा, पुन्हा न चढण्यासाठी. माच दुसऱ्या घराकडे जायचा. बाकीच्यांची पाळी मात्र चालूच राहायची. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून सुनेकडे.

शिंग वाजलं की गाव धावत सुटायचं. दाराशी पाहुणा आलाय आणि घर आपलं गप्पच, हे त्या लोकांच्या रीतीत बसत नव्हतं. ढोल निघायचे, झांजा निघायच्या. ढोल नसेल तो पितळेची थाळी बडवायचा. ज्या झाडावर नवरंग उतरला असेल त्या झाडाखाली सगळे गोळा व्हायचे, बायका ओवाळायला ताटं घेऊन यायच्या, आणि एकच गजर व्हायचा, "आला रे आला! पाहुणा आला!"

नवरंग फांदीवरून उडायचा. लोक हात जोडायचे.

"बघा, निघाला पुढच्या गावाला. सगळ्यांना दर्शन द्यायचं असतं त्याला."

मग पुढच्या टोकावर शिंग वाजायचं आणि पुढच्या गावात ढोल. संध्याकाळपर्यंत किनाराभर एकच बातमी असायची, की नवरंग आमच्याकडेही आला.

किनाऱ्याच्या मधोमध असलेल्या एका टोकावर आवडा नावाची बाई टेहळणीला होती.

हा माच तिच्या सासरचा. सासऱ्यांनी समुद्रावरचं ऊन बघून बघून डोळे घालवले. नवरा तापाने गेला. मग माच तिच्याकडे आला तेव्हा तिच्या हातातला हिरवा चुडा नुकताच उतरला होता. आता कानावरचे केस पांढरे झाले होते आणि पहिला मान अजून एकदाही त्या टोकावर आला नव्हता.

वसंत आला की आवडा घरची चटई गुंडाळून माचावर न्यायची. तिथेच भाकरी, तिथेच पेंग. झोप म्हणता येईल अशी झोप नाहीच. नवरंग पहाटे उतरतात, म्हणून पहाटे डोळे उघडे हवेत. कधी कधी भर दुपारीही उतरतात, म्हणून दुपारीही. डोळा लागलाच तर कान जागा ठेवून लागायचा. पान पडलं तरी ती ताडकन उठून बसायची आणि हात शिंगाकडे जायचा. मग कळायचं, पानच होतं. छातीची धडधड खाली बसेपर्यंत झोप निघून गेलेली असायची.

हळूहळू हे दचकणं तिच्या अंगात मुरलं. पावसाळ्यात घरी आली तरी सुटेना. चुलीवरचं झाकण घसरलं की ती अंगणात उभी. शेजारीण मागून येऊन सहज बोलली तरी हातातली कळशी खाली. म्हणून तिचे आंधळे सासरे तिच्याजवळ येताना लांबूनच दोनदा खोकत. खोकला नसला तरी खोकत. घरात तेवढीच एक माया होती, आणि तेवढी पुरत होती.

आवडाला निशाण नको होतं, मान नको होता. तिला एक वसंत हवा होता. आपल्या घरात, आपल्या चटईवर, दोन्ही कान मिटून झोपता येईल असा एकच वसंत.

पण नवरंग कमी होत चालले होते.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग काही वर्षं अशी आली, की एखाद्या टोकावर शिंग वाजलंच नाही. मग दोन-चार टोकांवर. मागच्या वर्षी तर सगळ्या किनाऱ्यावर मिळून पाचसहा ठिकाणीच ढोल वाजले. आणि मागच्याच वर्षी भाताच्या मुळांना हुमणी लागली. ती पांढरी, वाकडी अळी मातीखाली बसून मुळं कुरतडते. वर रोप पिवळं पडतं, हाताने उचललं तर अलगद हातात येतं. अर्ध्या गावाने हिवाळा कंदमुळं उकडून काढला.

आवडाचे सासरे ओट्यावर बसून सांगत, "आमच्या लहानपणी, हे माच बांधायच्या आधी, नवरंग आला की जायचा नाही. पावसाळाभर राहायचा. रायवळ आंब्याखाली पाचोळा उलटत हिंडायचा, कोंबडीसारखा. आणि तिन्हीसांजेला शीळ घालायचा. दोन सुरांची. एक वर जाणारा, एक खाली येणारा."

ऐकणारे हसत. "म्हातारबाबा, नवरंग कधी थांबतो होय? तो येतो आणि जातो."

"थांबायचा," सासरे म्हणत. डोळे नसलेल्या माणसाने बघितलेलं कोण खरं मानणार?

गावचा कारभार बघणारा गावकार वाईट माणूस नव्हता. लोक उपाशी राहिले की त्याच्या घशाखालीही घास उतरत नसे. पण त्याला वाटायचं, पाहुणा यायचा कमी झाला म्हणजे आपलं स्वागत कमी पडलं. म्हणून त्याने नवा ढोल करवून घेतला, जुन्याच्या दुप्पट. पुढच्या वर्षी आणखी दोन. यंदा तर प्रत्येक घरातून एक थाळी आणि एक बडवणारा आलाच पाहिजे असं फर्मान काढलं.

त्या चैत्रात कुरव गेले. धोबी गेला. कोकिळाचा घसा बसला. वैशाख सरला तरी किनाऱ्यावर कुठेही शिंग नाही.

एका सकाळी गावकार माचाखाली आला. तिथे म्हादू ढोलवाला शेकोटी करून ढोलाचं चामडं तापवत बसला होता. रोज पहाटे तो हे करायचा, कारण गार चामडं बद्द वाजतं आणि पाहुण्यासमोर बद्द वाजलं तर नाक कापलं जातं.

"सूनबाई!" गावकाराने खालून हाक मारली.

वर आवडा दचकली. शिंग हातातून सुटून फळीवर आपटलं.

"गावकार, अहो, हळू तरी," म्हादू म्हणाला. "वहिनी वरून खाली पडायच्या. मग नवरंगाऐवजी त्यांनाच ओवाळावं लागेल."

"तू चामडं तापव." गावकार वर बघून म्हणाला, "सूनबाई, यंदा चुकायचं नाही हं. लोकांच्या कणग्या रिकाम्या आहेत. पहिला मान आला तर गावाला धीर येईल. आणि तुझीही सुटका होईल. किती वर्षं झाली?"

"मोजायचं सोडलं," आवडा म्हणाली.

"झोपू नकोस म्हणजे झालं."

"झोप," आवडा स्वतःशीच म्हणाली, "कशी असते ती?"

गावकार निघून गेल्यावर म्हादू वर बघत राहिला. "वहिनी, तुमचं शिंग वाजलं ना, की असा ढोल वाजवीन, असा वाजवीन, की थेट राजाच्या गादीखाली हादरा बसेल. आणि मग तुम्ही घरी जाऊन जे झोपाल ते आषाढातच उठाल. मी स्वतः तुमच्या दारात पहारा देईन."

"भावजी, तुम्ही पहारा दिलात तर घोरून मलाच उठवाल."

म्हादू हसला. आवडाही थोडी हसली. हसण्यालाही बळ लागतं. तिच्याजवळ तेवढंच होतं.

पुढच्या पहाटे धुकं होतं. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. आवडा खांबाला टेकून बसली होती. डोळे उघडे होते, पण बघत होते की नाही ते तिलाही सांगता आलं नसतं.

इतक्यात समोरच्या फळीवर काहीतरी पडलं. फळ पडावं तसं, मऊ आवाज करत.

ती ताडकन उठली. छाती धडधडायला लागली. शिंग हातात आलं, ओठांपाशी गेलं. तेव्हा तिने बघितलं.

फळीवर नवरंग होता. बसलेला नव्हता, कोसळलेला होता. एक पंख अर्धा उघडा राहिला होता आणि तो मिटून घ्यायचं त्राण त्याच्यात नव्हतं. चोच उघडी. निळा ठिपका धुक्याने ओला झालेला.

किनाऱ्यावरचा यंदाचा पहिला नवरंग. तिच्या पायाशी.

आवडाने श्वास भरून घेतला. आता फक्त सोडायचा होता. एक श्वास, एक फुंकर, आणि घर. चटई. मिटलेले दोन्ही कान.

"जरा थांब," नवरंग म्हणाला.

आवाज इतका बारीक होता, की आवडाला वाटलं आपल्याच मनात कोणी बोललं.

"उडतो मी. उडायला नाही म्हणत नाही," नवरंग म्हणाला. "पण जरा टेकू दे. पंख मिटेपर्यंत तरी. मग हाकल."

"हाकल?" आवडाने शिंग ओठांपासून थोडं दूर धरलं. "तुला कोण हाकलतंय?"

"तुम्ही." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग यायलाही आधी दम खावा लागतो. "सारी रात्र उडून येतो. खाली जंगल दिसतं, वाटतं, पोचलो. फांदीवर पाय टेकतो न टेकतो तोच खाली आभाळ फाटल्यासारखा आवाज होतो. उडतो. पुढचं टोक दिसतं. तिथेही तेच. त्याच्या पुढेही तेच. मधे खाड्या आहेत. दमलेल्याला खाडी फार रुंद होते. माझ्याबरोबर निघालेले किती जण पाण्यात पडले ते मी मागे वळून बघितलं नाही. आता बहुतेक जण हा किनाराच टाळतात. लांबच्या डोंगरामागून जातात. आम्ही थोडे आहोत, वाडवडिलांची घरटी इथे होती म्हणून येतो."

मग त्याने डोळे किंचित उघडून विचारलं, "बाई, इथली माणसं आमच्यावर का रागावली आहेत?"

आवडाच्या हातातलं शिंग खाली आलं.

"रागावली?" ती म्हणाली. "अरे, ते… ते स्वागत आहे तुझं."

"स्वागत?" नवरंगाने तो शब्द चोचीत धरून बघितल्यासारखं केलं. "मला ते मारायला आल्यासारखं वाटायचं."

आवडा खाली बसली. तिला वर्षानुवर्षांच्या सगळ्या सकाळी आठवल्या. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर धावत जाणारे ढोल. म्हणजे किनाराभर नवरंगच नवरंग नव्हते आले. ते थोडेच होते. तेच. एका गावातून उठवलेले, दुसऱ्या गावातून उठवलेले. शेतातला माच आणि टोकावरचा माच, शेवटी एकच काम करत होते.

आणि तिला हेही कळलं, की फांदीवर टेकताच दचकून उठणं म्हणजे काय असतं हे साऱ्या गावात एकट्या तिला ठाऊक आहे. पान पडलं तरी धडधडणारी छाती. लागता लागता मोडलेली झोप.

शिंग मांडीवर होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. गावकार बरोबर बोलला होता. यंदा चुकायचं नव्हतं. न फुंकावं तर पुढचा वसंत याच माचावर. त्याच्या पुढचाही. सासऱ्यांसारखे डोळे जाईपर्यंत.

नवरंगाचा पंख अजून मिटला नव्हता.

आवडाने शिंग हलक्या हाताने फळीवर आडवं ठेवलं. पदर सोडला आणि वारा अडेल असा पाखराच्या बाजूने धरला.

"टेक," ती म्हणाली. "मी आहे जागी."

नवरंगाने पंख मिटला, आणि मान पाठीवर वळवून तो झोपला. असा झोपला, की आवडाला त्याचा हेवा वाटला.

धुकं विरत गेलं तसे आणखी काही उतरले. एक करवंदीच्या जाळीत, एक रायवळ आंब्यावर, दोघं खालच्या ऐनाच्या झाडात. सगळे तसेच, पडत-झडत. आवडा एकेकाला उतरताना बघत होती आणि ओठ घट्ट मिटून होती.

उजाडलं तसा म्हादू काटक्यांचा भारा आणि ढोल घेऊन माचाखाली आला. सवयीने वर बघितलं आणि त्याला आवडाच्या पदराआड तो हिरवा-निळा रंग दिसला.

"अगं बा…" त्याचा हात टिपरीकडे गेला.

"भावजी!" आवडाने आवाज न करता नुसत्या ओठांनी म्हटलं आणि हात जोडले. खरोखर हात जोडले.

म्हादू टिपरी उगारून तसाच उभा राहिला. मग खांबाला धरून वर चढला, आणि फळीच्या काठावर हनुवटी टेकवून कुजबुजला, "वहिनी, शिंग फुंका ना! काय बघताय?"

आवडाने त्याला सगळं सांगितलं. कुजबुजत, अडखळत सांगितलं. म्हादूचा चेहरा आधी हसरा होता, मग गोंधळला, मग उतरला.

"मारायला आल्यासारखं?" त्याने विचारलं. "असं म्हणाला?"

"हो."

"माझा ढोल?"

"सगळ्यांचेच."

म्हादू खाली उतरला. बराच वेळ ढोलाकडे बघत राहिला. बापाने शिकवलेले हात, तापवलेलं चामडं, देवाच्या पाहुण्यासमोर बद्द वाजू नये म्हणून घेतलेली एवढी काळजी! मग त्याने खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि ढोलावर पांघरलं, एखाद्या पोराला निजवावं तसं. शेकोटीही पेटवली नाही.

ऊन जरा वर आलं आणि उत्तरेकडच्या टोकावर शिंग वाजलं.

त्यांना नवरंग दिसला होता. लगेच ढोल उठले, थाळ्या उठल्या. पहिला मान त्यांचा झाला. त्यांचा टेहळ्या, हसत की रडत कोण जाणे, माचावरून खाली उतरत असेल. आवडाने त्या दिशेला बघितलं आणि डोळे मिटून घेतले. पदर मात्र हलू दिला नाही.

थोड्या वेळाने तिकडून उठलेली पाखरं खाडीवरून येताना दिसली. खाली-वर, खाली-वर. किनाऱ्यावर आवाज नसलेली तेवढीच एक जागा होती, म्हणून ती तिथेच आली.

गावकार येईपर्यंत गाव माचाखाली जमलं होतं. म्हादू तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना अडवत होता. आयुष्यभर गलका केलेला माणूस गप्प राहायला सांगतोय हे बघूनच लोक गप्प झाले होते.

"सूनबाई," गावकार म्हणाला, "झोप लागली ना तुला? खरं सांग. लागली असेल तर लागली म्हण. माणूस आहेस. मी समजून घेईन."

किती सोपं होतं हो म्हणणं!

"नाही," आवडा म्हणाली. "जागी होते. पहिला नवरंग माझ्यासमोर उतरला. मी शिंग फुंकलं नाही."

"का?"

"तो दमला होता."

लोकांत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, वेड लागलं. कोणी म्हणालं, लागणारच. एक म्हातारी कपाळावर हात मारून बसली.

"पाखरू दमलं म्हणून उपाशी गावाचा मान घालवायचा?" गावकार म्हणाला. "ठीक आहे. तुझी पाळी आता संपायची नाही. हा माच तुझा. हातपाय चालतात तोवर तुझाच."

आवडाने मान हलवली. भांडायला ती उभीच राहिली नाही. एवढंच म्हणाली, "बरं. पण आजचा दिवस इथे ढोल नको."

"आता कशाला ढोल?" गावकार पाठ वळवून म्हणाला. "मान तर गेला."

त्या दिवशी गावात कोणी कोणाशी धड बोललं नाही. थाळ्या आपापल्या फडताळात परत गेल्या. तिन्हीसांज झाली. लोक दारात नुसते बसले होते.

आणि रायवळ आंब्याखालून शीळ आली.

दोन सुरांची. एक वर जाणारा, एक खाली येणारा.

करवंदीतून दुसरी आली. ऐनाच्या झाडातून तिसरी. आवडाचे सासरे ओट्यावरून उठून उभे राहिले. भिंत चाचपत अंगणाच्या कडेपर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोणी त्यांना धरायला गेलं तर म्हणाले, "शू. ऐका आता. मी खोटं बोलत होतो का?"

गावकाराने वहाणा काढून हातात घेतल्या आणि तो अनवाणी घरी गेला.

नवरंग राहिले. पाचोळा उलटत बांधाबांधाने हिंडले, कोंबडीसारखे. झाडांत गवताची गोल घरटी झाली. मातीत जे जे पांढरं, वाकडं, वळवळणारं होतं ते टिपलं गेलं. श्रावण आला तेव्हा साऱ्या किनाऱ्यावर भात पिवळं पडत होतं, आणि मधोमधच्या त्या एकाच गावात हिरवंगार उभं होतं.

शेजारच्या गावांची माणसं बघायला आली. ज्या गावाने मान मिळवला होता तिथलीही आली.

"तुम्ही काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," म्हादू म्हणाला. "म्हणजे, तेच. काही नाही केलं."

गोष्ट राजाच्या कारभाऱ्यापर्यंत गेली. कारभारी आला, शेतं बघितली, तिन्हीसांजेला आंब्याखाली बसून शीळ ऐकली, आणि पहिल्या मानाचं निशाण घडी करून घेऊन गेला. पुढे कोणत्याच टोकावर ते लागलं नाही. सगळ्यांना हे लगेच पटलं असं नाही. काही गावांत आणखी काही वर्षं ढोल वाजत राहिले. सवय जायला वेळ लागतो, दुखावलेल्या पाखरांना परत यायला त्याहून जास्त लागतो.

आणि आवडा?

पुढच्या चैत्रात ती चटई घेऊन माचावर गेली. गावकार लाजून म्हणाला होता, "सूनबाई, आता घरी राहा. शिंग नाही, मान नाही, टेहळणी कशाला?" पण ती म्हणाली, "तुम्हीच दिलाय मला. आता माझा आहे."

पहिले काही दिवस ती पूर्वीसारखीच दचकून उठायची. हात शिंगाकडे जायचा, शिंग नसायचंच. मग तिला आठवायचं, की कोणालाही काही कळवायचं नाही. एका सकाळी नवरंग छपरावर उतरला, पान पडल्यासारखा आवाज करत, आणि ती उठली नाही.

खाली म्हादू येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून लांबच्या वाटेने पाठवत होता. सासरे माचापर्यंत आले, सवयीने खोकायला तोंड उघडलं, आणि खोकला गिळून हळूच मागे वळले.

वर एक बाई झोपली होती आणि तिच्या डोक्यावरच्या छपरावर एक पाखरू झोपलं होतं. दोघंही खूप लांबून आली होती.

म्हणून लक्षात ठेवा: दमून आलेल्याला आधी टेकू द्यावं, त्याचं स्वागत तो उठल्यावरही करता येतं.